शिकारीचा परवाना आणि स्थानिकांचा हक्क : राजूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : शिकार परवाना, राखीव वन, महादेव कोळी, ठाकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, वनहक्क अधिनियम २००६.

प्रस्तावना

रानातील जनावर कोणाचे, हा प्रश्न जितका जुना आहे तितकाच तो राज्यसत्तेच्या स्वरूपाशी निगडित आहे. जमिनीच्या मालकीचा इतिहास मराठीत विपुल लिहिला गेला. जंगलाच्या मालकीचाही बऱ्यापैकी लिहिला गेला. परंतु जंगलातील जनावरावर पहिला हक्क कोणाचा, शिकारीची परवानगी कोणास मिळावी, स्थानिक रहिवासी, बाहेरून येणारा हौशी शिकारी आणि शिकारीचा व्यवसाय करणारा यांच्यात ती कोणत्या न्यायाने वाटली जावी, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. शिकारीचा इतिहास म्हटला की राजे, साहेब आणि वाघ हेच डोळ्यांसमोर येतात. हाकारा घालणारा माणूस त्या चित्राच्या कडेला उभा असतो.

प्रस्तुत शोधनिबंधात या कडेच्या माणसाच्या बाजूने सदर प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील राजूर ही या डोंगरी मुलखाची बाजारपेठ आहे. येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून येथील डांगी जनावरांचे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग व दक्षिणेकडे हरिश्चंद्रगड अशी सह्याद्रीची सर्वांत उंच रांग आहे. महादेव कोळी व ठाकर या येथील प्रमुख आदिवासी जमाती. भात, नाचणी, वरई, खुरासणी ही येथील पिके. १९८६ साली या डोंगररांगेतील सुमारे ३६२ चौरस किलोमीटर क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हणजेच जंगल, आदिवासी वस्ती आणि वन्यजीव कायदा या तिन्हींचा संबंध येथे रोजच्या जीवनात येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शिकारीच्या परवानगीसंबंधी पश्चिम भारतात झालेल्या कायद्यांचा क्रम तपासणे.
२) या कायद्यांत 'स्थानिक रहिवासी' या घटकास कोणते स्थान मिळाले ते पाहणे.
३) अन्य देशांतील परवाना वाटपाच्या पद्धतींशी तुलना करून राजूरसारख्या परिसरासाठी न्याय्य वाटपाचा अर्थ शोधणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुख्य भर कायद्यांतील तरतुदींवर आहे.

परवान्यापूर्वीची पारध

इंग्रजी अमलापूर्वी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर शिकारीस लेखी परवानगीची गरज नव्हती. याचा अर्थ तेथे काहीच नियम नव्हते असा मात्र नव्हे. वाघूर, फासे, गोफण, तीरकमठा आणि कुत्री ही पारधीची साधने होती. ससा, भेकर, रानडुक्कर, रानकोंबडा हे पारधीचे नेहमीचे प्राणी. पारध बहुधा सामूहिक असे, आणि मिळालेल्या शिकारीचे वाटे घालण्याची रीत असे. घाव घालणाऱ्यास अधिक वाटा मिळाला तरी रान उठविणाऱ्यास काहीच मिळू नये असे होत नसे. हक्क व्यक्तीचा नसून गावाचा होता आणि तो श्रमातील सहभागावरून ठरत होता.

श्रद्धेचीही एक मर्यादा होती. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते आणि वाघदेवाची पूजा होते. गुरांचे रक्षण व्हावे ही त्यामागील प्रार्थना. ज्या जनावरापासून भय आहे त्याच्याशी करार करण्याची ही वृत्ती आहे. या परंपरेस आधुनिक अर्थाने संवर्धन म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु शिकार हा निव्वळ लुटीचा व्यवहार नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

याच काळात राजेरजवाड्यांच्या राखीव शिकारीची दुसरी परंपराही नांदत होती. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी हरणांची शिकार होई व त्यासाठी चित्तेवान बाळगले जात. दाजीपूरचे जंगल हे या संस्थानाचे शिकारीचे रान होते. पुढे १९५८ साली तेथेच महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले. राखीव रानातून अभयारण्य व्हावे ही घटना लक्षणीय आहे. रान राखण्याचे कारण बदलले; रानाबाहेर ठेवावयाची माणसे बदलली नाहीत.

बंदुकीचा कायदा हाच शिकारीचा पहिला कायदा

१८१८ साली पेशवाई संपली. डोंगरी किल्ल्यांचे महत्त्व ओसरले आणि किल्ल्यांच्या व घाटांच्या राखणीवर जगणाऱ्या कोळी नाईकांचे उत्पन्न व मान दोन्ही गेले. त्यातून कोळ्यांचे उठाव झाले. देवगावचे राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाणे येथे फाशी देण्यात आले. पुढे १८७३ ते १८७६ या काळात होन्या केंगले याचे बंड झाले. या पार्श्वभूमीवर डोंगरातील माणसाच्या हाती शस्त्र असणे हा सरकारच्या दृष्टीने सुरक्षेचा प्रश्न होता.

१८७८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. या एकाच वर्षी दोन कायदे झाले. शस्त्र अधिनियमाने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. भारतीय वन अधिनियमाने जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण केले आणि राखीव वनातील शिकार, मासेमारी, फासे लावणे यांवर नियम करण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९२७ च्या वन अधिनियमातील कलम २६ मध्येही हीच तरतूद कायम राहिली. या दोन कायद्यांचा परिणाम एकत्रच पाहावा लागतो. पहिल्याने साधन गेले, दुसऱ्याने स्थान गेले. शिकारीचा म्हणून स्वतंत्र कायदा होण्यापूर्वीच शिकारीचे वाटप झालेले होते.

त्यानंतर आलेल्या १८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण अधिनियमाचा आणि १९१२ च्या वन्यपक्षी व वन्यप्राणी संरक्षण अधिनियमाचा भर बंद हंगामावर होता. १९१२ च्या कायद्याच्या अनुसूचीत हरणे, रानगवे, ससे इत्यादी प्राणी होते. वाघ व बिबट्या नव्हते. हिंस्र श्वापदे मारण्यास उलट सरकारी बक्षिसे मिळत. म्हणजे साहेबाच्या खेळाचे जनावर हंगामापुरते राखले जाई आणि गुराख्याच्या शत्रूस मारणाऱ्यास इनाम मिळे. या कायद्यात एक महत्त्वाचा अपवाद होता. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेल्या शिकारीस हा कायदा लागू नव्हता. शेतकऱ्यास मिळालेली ही एक फट होती, हक्क नव्हता. जंगलात त्याने रानडुक्कर मारले तर गुन्हा, शेतात मारले तर बचाव. परंतु राखीव वनाच्या सीमेस लागूनच शेत असलेल्या डोंगरी गावात ही सीमारेषा प्रत्यक्षात ओळखावयाची कशी, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

याच काळात शिकारीवर जगणाऱ्या जमातींवर दुसरा आघात झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने वंशपरंपरागत गुन्हेगारीची कल्पना कायद्यात आणली. १९५२ साली तो रद्द झाला, तरी पारध्यांसारख्या शिकारी समाजांवरील शिक्का पुसला गेला नाही. एकाची पारध हा गुन्हा आणि दुसऱ्याची शिकार हा खेळ, हा भेद कायद्याच्या भाषेतून समाजाच्या भाषेत उतरला.

हाकारा, मचाण आणि कंपनी

राखीव जंगलांचे शिकारीसाठी गट पाडून, म्हणजे 'शूटिंग ब्लॉक' करून, ते मुदतीने परवानाधारकास देण्याची पद्धत मध्य प्रांतात विशेष रूढ झाली. वनाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या गटात ठरलेली जनावरे मारावयाची. अमेरिकेत ज्यास आज शिकारीचा 'टॅग' म्हणतात त्याच्या सर्वांत जवळची भारतीय पद्धत हीच. या पद्धतीत स्थानिकाचे स्थान निश्चित होते. तो माग काढी, मचाण बांधी, आमिषाचे जनावर बांधी आणि हाकारा घाली. त्यास मजुरी मिळे. परवाना मात्र बंदूक, शुल्क आणि अर्ज लिहिण्याची ऐपत असणाऱ्याच्याच नावावर होई.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली मुंबई वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण अधिनियम केला. त्यामागे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा पुढाकार होता. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या जडणघडणीत निसर्गअभ्यासक आणि शिकारी असे दोघेही होते, हे येथे ध्यानात घ्यावे. या कायद्याने परवाना, बंद हंगाम व अभयारण्य यांची एकत्रित व्यवस्था केली. शास्त्रीय दृष्टीने ते पुढचे पाऊल होते. परंतु परवाना कोणास, याचे उत्तर पूर्वीचेच राहिले : जो नियम जाणतो आणि शुल्क भरतो त्यास. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद झाली. शेतकरी हा येथे बंदुकीचा स्वतंत्र अर्जदार म्हणून दिसतो, परंतु राखणदार म्हणून, शिकारी म्हणून नव्हे.

याच दोन दशकांत तिसरा घटक पुढे आला, तो म्हणजे व्यावसायिक शिकार कंपन्यांचा. परदेशी पाहुण्यांसाठी वाघाच्या शिकारीच्या सहली आयोजित करणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी अशा व्यवसायात पाऊल टाकले होते. नागपूरची अ‍ॅल्विन कूपर ही त्यांची कंपनी या क्षेत्रात प्रसिद्ध होती. परकीय चलन मिळत असल्याने या धंद्यास प्रतिष्ठा होती. जंगलाचा गट, जीप, तंबू, शिकारी आणि खात्री असे सर्व काही एकाच किमतीत विकले जाऊ लागले. हौशी देशी शिकाऱ्यासही या स्पर्धेत मागे पडावे लागले, मग हाकारे घालणाऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

१९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले व वाघाच्या घटत्या संख्येचा प्रश्न जगापुढे आला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. शिकार कंपन्यांचा बहर येथे संपला.

१९७२ ते १९९१ : परवान्याची अखेर

१९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम हा आज केवळ बंदीचा कायदा म्हणून ओळखला जातो. मुळात तो तसा नव्हता. त्याच्या कलम ९ मध्ये विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार व वन्यप्राणी पकडणे असे चार प्रकारचे परवाने होते आणि परवानाधारकाने शिकारीची नोंद ठेवणे बंधनकारक होते. प्राण्यांच्या अनुसूचीही त्यानुसार आखलेल्या होत्या. कागदावर हा परवाना कोणत्याही नागरिकास खुला होता. स्थानिकास प्राधान्य, स्वतंत्र वाटा अथवा कमी शुल्क असा विचार या योजनेत नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धतच रद्द केली. तेव्हापासून शिकार ही मुख्यतः कलम ११ अन्वये, मानवी जीवितास धोका किंवा पिकांचे नुकसान अशा विशिष्ट कारणांसाठी, अधिकाऱ्याच्या आदेशाने होऊ शकते.

याच कायद्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलक्या आहेत. पहिली, शिकारीच्या व्याख्येत शिकारीसाठी जनावर हाकण्याचाही समावेश आहे. वाघावर पाय ठेवून काढलेल्या छायाचित्रात हाकाऱ्यास कधी जागा मिळाली नाही. गुन्ह्याच्या व्याख्येत मात्र तो शिकाऱ्याच्या बरोबरीने आला. दुसरी, कलम ६५. या कलमाने निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींना १९६७ च्या अधिसूचनेने मिळालेले शिकारीचे हक्क अबाधित ठेवले. म्हणजे स्थानिक जमातीचा शिकारीचा हक्क ही कल्पना भारतीय कायद्यास अपरिचित नाही. ती मुख्य भूमीवरील आदिवासींना लागू केली गेली नाही, इतकेच.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची प्रांजळ कबुली दिली. कसत असलेली जमीन, गौण वनोपज, चराई, सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन असे अनेक हक्क मान्य केले. परंतु परंपरागत हक्कांच्या यादीतून शिकार करणे, फासे लावणे किंवा वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणे हे हक्क स्पष्ट शब्दांत वगळले. वन्यजीवांची घटती संख्या पाहता हा निर्णय समर्थनीय आहे. तथापि जो हक्क वगळला गेला तो पूर्वी अस्तित्वात होता, हेही त्या वगळण्यातूनच सिद्ध होते.

तुलनात्मक दृष्टी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत स्थानिक, परराज्यातील आणि व्यावसायिक या तिन्हींमधील वाटप हा उघड राजकारणाचा विषय आहे. माँटॅना राज्यात १९७६ साली स्थानिकास एल्क या मोठ्या हरणाचा परवाना ९ डॉलरमध्ये मिळत असे. परराज्यातील शिकाऱ्यास २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हा भेद घटनाबाह्य असल्याचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली फेटाळला. पुढे व्यावसायिकांच्या ग्राहकांसाठी राखून ठेवलेले परवाने याच राज्याच्या मतदारांनी २०१० साली सार्वमताने बंद केले. तेथे स्थानिक हा मतदार असल्यामुळे जनावरांवरील त्याचा पहिला हक्क गृहीत धरला जातो. अर्थात त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या इंडियन जमातींचा प्रश्न त्याहून वेगळा आणि जुना आहे. 'स्थानिक' या शब्दाचा अर्थही सत्ताच ठरवीत असते.

पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे मोजके परवाने परदेशी धनिकांना मोठ्या किमतीस विकले जातात व त्या उत्पन्नाचा ८० टक्के वाटा स्थानिक गावसमूहास मिळतो. तेथे स्थानिक स्वतः शिकार करीत नाही, परंतु जनावर जिवंत राहण्यात त्याचा आर्थिक हितसंबंध निर्माण होतो. पहिली पद्धत स्थानिकास परवाना देते, दुसरी परवान्याचे मोल देते. भारतीय पद्धतीने १९९१ पर्यंत स्थानिकास यांपैकी काहीच दिले नाही. त्यानंतर परवानाच उरला नाही.

राजूर परिसर आणि आजचा प्रश्न

सर्वांना सारखीच बंदी हा समतेचा एक प्रकार आहे. परंतु बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबई-पुण्याच्या माजी शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली आणि कॅमेरा हाती घेतला. त्याचे नुकसान एका छंदाचे झाले. राजूरच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यास मात्र रात्र रात्र माळ्यावर बसून रानडुकरांपासून पिकाची राखण करावी लागते. कायदेशीर आदेशाने रानडुक्कर मारले गेले तरी त्याचे धूड सरकारची मालमत्ता ठरते. तालुक्याच्या पूर्वेकडील बागायती भागात तर प्रश्न बिबट्याचा आहे. अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे आढळले, आणि तेही जंगलात नव्हे तर दाट लोकवस्तीच्या शेतीप्रधान प्रदेशात. वन्यजीवांसह जगण्याचा खर्च कोण उचलतो, याचे हे उदाहरण आहे.

जनावर मारण्याची वेळ आलीच तर ते कोणी मारावे, हा प्रश्नही संपलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात २ नोव्हेंबर २०१८ रोजी 'टी-१' अथवा अवनी या वाघिणीस ठार करण्यात आले, तेव्हा त्यासाठी हैदराबादहून खासगी शिकारी पाचारण केले गेले होते. परवान्याची पद्धत जाऊन २७ वर्षे लोटल्यावरही बंदूक बाहेरच्याच्या हाती होती.

दुसरीकडे वाटपाचा प्रश्न नव्या रूपात परतला आहे. भंडारदरा, घाटघर, सांधण दरी, हरिश्चंद्रगड येथे आज पर्यटकांची रीघ लागते. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी हजारो वाहने अभयारण्यात येतात. येथेही तेच तीन पक्ष आहेत : स्थानिक रहिवासी, बाहेरचा हौशी आणि सहली आयोजित करणारा व्यावसायिक. स्थानिक तरुण वाट दाखवितो, तंबू उभारतो, भाकरी पुरवितो. ही मजुरी जुन्या हाकाऱ्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी चांगली आहे. परंतु किती वाहनांना प्रवेश द्यावा, शुल्क किती असावे आणि त्यातील गावाचा वाटा किती, हे ठरविण्यात ग्रामसभेचा शब्द निर्णायक आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. अकोले तालुक्यातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने तेथील ग्रामसभेस नैसर्गिक साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले आहेत. साधन कायद्यात आहे. त्याचा वापर व्हावयास हवा.

निष्कर्ष

१) पश्चिम भारतात शिकारीच्या हक्काचे वाटप प्रथम बंदुकीने, नंतर शुल्काने आणि अखेरीस बंदीने झाले. या तिन्ही टप्प्यांवर स्थानिक रहिवासी हा स्वतंत्र हक्कदार म्हणून विचारात घेतला गेला नाही.

२) स्थानिकास मिळालेल्या सवलती, मग ती १९१२ ची बचावाची सूट असो वा १९५९ चा ठासणीच्या बंदुकीचा परवाना, शेताच्या राखणीपुरत्या होत्या. जंगलातील सामूहिक वाट्याची कल्पना कायद्यात आली नाही. निकोबारचा अपवाद मात्र ती अशक्य नव्हती हे दाखवितो.

३) शिकारबंदी उठवावी असा या विवेचनाचा अर्थ नाही. सह्याद्रीतील वन्यजीवांची आजची अवस्था पाहता बंदी आवश्यकच आहे. परंतु बंदीमुळे ज्याचा हक्क गेला त्यास भरपाई मागणारा याचक न समजता, सार्वजनिक हितासाठी आपला वाटा सोडणारा भागीदार समजले पाहिजे. पीक व पशुधनाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे, पर्यटनाच्या उत्पन्नात ग्रामसभेचा निश्चित वाटा असणे आणि प्रवेशाच्या मर्यादा ठरविण्यात तिचा सहभाग असणे, ही त्या भागीदारीची किमान अंगे होत.

गावपारधीत रान उठविणाऱ्याचाही वाटा असे. दीडशे वर्षांच्या कायद्यांनी पारध थांबविली, ते योग्यच झाले. वाट्याची रीत मात्र थांबविण्याचे कारण नव्हते.